पूर येणारच असं धरून विस्थापितांची वस्ती कशी उभी करायची: सविस्तर मार्गदर्शन

विस्थापितांसाठी निवारा म्हटलं की चर्चा लगेच घराच्या डिझाईनवर जाते, कुठलं पॅनेल, कुठली ताडपत्री, किती दिवसात उभं राहतं वगैरे. माझं स्पष्ट मत आहे की घराचा नंबर खूप नंतर लागतो. पाणी कुठून येतं, किती चढतं, किती दिवस थांबतं आणि कुठून निघून जातं, हे आधी कळलं की अर्धं डिझाईन आपोआप ठरतं. ते न बघता बांधलेलं महागडं घरसुद्धा पहिल्याच पावसाळ्यात चिखलात बसतं, आणि एकदा सगळं गमावून आलेल्या माणसांना तेच परत बघायला लावणं हे मला खरंच सहन होत नाही. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय, आधी पाणी, मग जमीन, मग जोतं, आणि त्यानंतर घर.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच. वस्ती सहा महिन्यांसाठी म्हणून प्लॅन करू नका. केनियातली दादाब छावणी १९९१ ला सुरू झाली, काकुमा १९९२ ला, जॉर्डनमधली झातारी २०१२ ला, तिन्हीकडे अजूनही लोक राहतायत. निदान दहा वर्षं धरा, मग पुराचं गणितही वेगळं दिसायला लागतं. ५० वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दरवर्षी २ टक्के शक्यता, ऐकायला किरकोळ वाटतं, पण दहा वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता १८ टक्के होते. आणि १० वर्षांतून एकदा येणारा पूर पुढच्या पाचच वर्षांत येण्याची शक्यता ४१ टक्के आहे.

पायरी १: पाण्याची चौकशी

साईटवर पहिल्या दिवशी टेप घेऊन घरं आखू नका, माणसं शोधा. गुरं चारणारे, होडीवाले, मासे पकडणारे, वयस्कर बाया, यांना विचारा की पाणी कुठपर्यंत आलं होतं, किती वेळात चढलं, किती दिवस राहिलं आणि जाताना काय सोडून गेलं, गाळ की वाळू की नुसता कचरा. एकाला विचारून थांबू नका, चारपाच जणांची उत्तरं जुळतात का बघा. झाडांच्या बुंध्यावरचे चिखलाचे डाग, कुंपणात अडकलेलं गवत, जुन्या भिंतीवरची ओल हे पण बघा. लव्हाळं किंवा बोरू दाट उगवलेला दिसला तर तिथे वर्षातले बरेच महिने पाणी असतं, उन्हाळ्यात जमीन कितीही कोरडी दिसली तरी फसू नका.

मोबाईल किंवा लॅपटॉप असेल तर फुकट मिळणारी सॅटेलाईट माहिती वापरा. सेंटिनल-१ चा रडार ढगातूनही पाणी दाखवतो, आणि ग्लोबल सरफेस वॉटर नावाचा नकाशा १९८४ पासून कुठे कधी पाणी होतं ते दाखवतो. पण हे लोकांच्या उत्तरांबरोबर ताडून बघायचं, त्यांच्या जागी नाही.

पूर कुठल्या प्रकारचा आहे तेही इथेच ठरवा. नदी हळूहळू चढते आणि आठवडे थांबते, तिथे उंची महत्त्वाची. डोंगराळ भागात पाणी तासाभरात येऊन जातं, तिथे वेग आणि वाहून आलेले ओंडके-दगड मारतात, त्यामुळे ओढ्याच्या वाटेत काहीच बांधायचं नाही. सपाट भागात बऱ्याचदा नदीचा संबंधच नसतो, पावसाचंच पाणी तुंबतं, आणि किनाऱ्यावर वादळाची लाट खारं पाणी आणते ज्याने विहिरीही खराब होतात. चारही ठिकाणी एकच घर चालत नाही.

सगळं कळल्यावर साईटवर ठिकठिकाणी खांब रोवा आणि पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढून प्रत्येक खांबावर माहितीतल्या सर्वात मोठ्या पुराची रेघ रंगाने मारा. याला खर्च जवळपास काहीच नाही आणि नंतरचे कितीतरी वाद मिटतात.

पायरी २: जागा निवडणं

विस्थापितांना जी जमीन मिळते ती बहुतेक वेळा रिकामी पडलेली असते, आणि ती रिकामी का आहे हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण उत्तर बरेचदा पाणीच असतं. जगभर मदतकार्यात वापरली जाणारी स्फिअर मानकं सांगतात की जागेचा उतार साधारण १ ते ५ टक्के असावा. त्यापेक्षा सपाट असेल तर पाणी तुंबतं, त्यापेक्षा चढ असेल तर माती वाहून जाते. माणशी ४५ चौरस मीटर एकूण जागा धरा, त्यात रस्ते, टॉयलेट, शाळा, स्वयंपाकाची जागा सगळं आलं. एवढी जागा मिळत नाही हे मला माहीत आहे, पण निदान किती कमी मिळतेय ते लिहून ठेवा आणि अधिकाऱ्यांसमोर परत परत मांडा.

बांगलादेशात कॉक्स बाजारला २०१७ च्या ऑगस्टपासून काही महिन्यांत म्यानमारमधून पळालेले सात लाखांवर रोहिंग्या आले, टेकड्यांवरची झाडं आणि मुळं निघाली, उतार कापून घरं बसवली, आणि मग दर पावसाळ्यात दरडी. उंच जागा म्हणजे सुरक्षित जागा असं नसतं. दुसऱ्या टोकाला दक्षिण सुदानमधलं बेंटियू, तिथे २०२१ पासून चहूबाजूला पाणी आणि एक लाखाहून जास्त माणसं मातीच्या बांधांच्या आत. बांधाने जीव वाचतात हे खरं, पण आत पडलेला पाऊस बाहेर जाऊ शकत नाही, तो पंपाने उपसावा लागतो आणि बांधाची रोज राखण करावी लागते. म्हणून बांध हा शेवटचा उपाय ठेवा.

जमिनीचा कागद करा. मालक कोण, किती वर्षं राहता येईल, पक्कं जोतं घालता येईल का, झाडं लावता येतील का, हे लेखी घ्या. उद्या हाकललं जाईल या भीतीत कोणी आपल्या घराच्या पायात कष्ट घालत नाही. आणि शेजारच्या गावाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, कारण तुम्ही भराव टाकून उंच झालात की तुमच्याकडचं पाणी त्यांच्या शेतात जाणार. त्यांच्या बाजूचा नाला पण त्याच बजेटमधून मोठा करून द्या.

पायरी ३: लेआऊट

कागदावर आधी नाले काढा, मग रस्ते, मग घरं. उलटं केलं की घरांच्या मधे उरलेल्या फटीत नाले कोंबले जातात.

नाला किती मोठा हवा याचा सोपा हिशोब असा, तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडतोय, वस्तीची जमीन तुडवून घट्ट झालेली असल्याने ७० टक्के पाणी वाहून जातंय, तर एका हेक्टरवरून सेकंदाला जवळपास ९७ लिटर पाणी येतं. दहा हेक्टरची वस्ती असेल तर सेकंदाला जवळजवळ एक घनमीटर. घराभोवती फावड्याने काढलेली वीतभर चर हे घेऊ शकत नाही, ती फक्त छपराचं पाणी मोठ्या नाल्यापर्यंत नेण्यासाठी. मुख्य नाला नैसर्गिक ओघळीतूनच न्या, तो वळवायचा प्रयत्न करू नका, पाणी जुनी वाट विसरत नाही. उतार जास्त असेल तिथे दगडांचे छोटे छोटे अडथळे घाला म्हणजे वेग मोडतो आणि तळ खणला जात नाही. काठांवर वाळा लावा, त्याची मुळं सरळ खाली खोल जातात आणि माती धरून ठेवतात, कॉक्स बाजारच्या उतारांवर पण तो मोठ्या प्रमाणात लावला गेलाय.

मुख्य रस्ते पुराच्या रेघेच्या वर उचला आणि त्यांच्याखालून भरपूर मोऱ्या ठेवा, नाहीतर रस्ताच धरण होतो. निदान एक रस्ता असा हवा की भर पुरातसुद्धा त्यावरून आजारी माणूस बाहेर नेता येईल. पुराच्या नादात आग विसरू नका, दर ३०० मीटर बांधकामानंतर ३० मीटरचा मोकळा पट्टा आणि दोन घरांत किमान २ मीटर अंतर, जमलं तर घराच्या उंचीच्या दुप्पट. हे मोकळे पट्टे पावसात पाणी साठवायला आणि एरवी भाजीपाला लावायला उपयोगी पडतात.

पायरी ४: जोतं, इथे पैसा आणि घाम दोन्ही घाला

माझ्या मते पूर्ण वस्तीत सगळ्यात फायद्याचा खर्च हाच. बांगलादेशच्या नदीपात्रातल्या चर (म्हणजे गाळाची बेटं) भागात घरांची जोती माहितीतल्या सर्वात मोठ्या पुराच्या ६० सेंटिमीटर वर उचलण्याची पद्धत वापरली गेली, तोच आकडा सुरुवातीला धरा.

आता एक घर एक जोतं करायचं की दहा घरांना मिळून एक? हिशोब करून बघू. जोतं १ मीटर उंच, कडेचा उतार एकास दोन (एक मीटर उंचीला दोन मीटर बाहेर), वरची जागा ७ बाय ६ मीटर, तर एका घराला सुमारे ७३ घनमीटर माती लागते. दहा घरांना ७३०. तीच दहा घरं २८ बाय १५ मीटरच्या एकाच ओट्यावर घेतली तर वरची जागा तेवढीच, पण माती साधारण ५१० घनमीटरच लागते, म्हणजे ३० टक्के वाचली, शिवाय पाण्याने झिजणारी कडही खूप कमी. पुरात शेजारी एकत्र राहतात हा फायदा वेगळाच. म्हणून जमेल तिथे दहाबारा घरांचा गट आणि एक ओटा. गटात कोण कोणाशेजारी राहील हे मात्र त्यांनाच ठरवू द्या.

माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरात टाकायची, थोडी ओली करून प्रत्येक थर धुम्मसने ठोकायचा, मगच पुढचा थर. ट्रकने ढीग ओतून वरून सपाट केलेलं जोतं पहिल्याच पुरात खचतं, दिसायला दोन्ही सारखीच दिसतात म्हणून देखरेखीला माणूस उभा ठेवा. सर्वात वरच्या थरात ५ टक्क्यांच्या आसपास सिमेंट किंवा मातीच्या प्रकारानुसार चुना मिसळला की चिखल होत नाही. कडेला लगेच गवत लावा, पावसाच्या आधी ते धरलं पाहिजे. भिंतीच्या बाहेर दोनतीन फूट जोतं मोकळं राहिलं पाहिजे, एक तर चालायला आणि दुसरं म्हणजे कड थोडी ढासळली तरी भिंतीला धक्का नको.

माती जिथून खणली तो खड्डा तसाच सोडू नका!! लहान मुलं बुडण्याचा धोका तिथेच असतो. तो घरांपासून लांब घ्या, काठ उथळ आणि पायऱ्यांचे करा, कुंपण घाला, मग तो पाणी साठवायचं तळं म्हणून कामाला येतो.

पाणी दीडदोन मीटर चढत असेल किंवा वेगाने वाहत असेल तर भराव परवडत नाही आणि टिकतही नाही, तिथे खांबांवरचं घर. आसामात मिसिंग लोकांची चांग घरं पिढ्यानपिढ्या अशीच आहेत, खालून पाणी जातं, वर माणसं. यात तिरके टेकू दोन्ही दिशांना हवेत, खांब जमिनीत खोल हवेत, आणि खालची जागा भिंती घालून बंद करायची नाही.

पायरी ५: घर

माणशी ३.५ चौरस मीटर आतली जागा हे किमान, थंडीच्या ठिकाणी ४.५ ते ५.५, कारण तिथे स्वयंपाक आणि अंघोळही आतच होते. म्हणजे पाच जणांना साडेसतरा चौरस मीटर.

सांगाडा आणि भिंती यांची कामं वेगळी ठेवा. छप्पर सांगाड्यावर उभं राहिलं पाहिजे, भिंतीवर नाही. भिंत गेली तरी चालेल, छप्पर राहिलं पाहिजे. एका बाजूला एक मीटर पाणी साठलं की भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला जवळपास एक टन दाब येतो, हलकी भिंत तो घेऊच शकत नाही, त्यामुळे पाण्याशी कुस्ती खेळण्यापेक्षा त्याला आत येऊ द्या. खाली समोरासमोरच्या भिंतींत भोकं ठेवा, आतबाहेर पाणी सारखं झालं की दाब उरत नाही. अमेरिकेतल्या पूरक्षेत्राच्या नियमात घरातल्या दर चौरस मीटर जमिनीमागे साधारण ७० चौरस सेंटिमीटर भोक सांगितलंय, तो अंदाज घेता येतो. भिंतीचा खालचा एक मीटर काढता येणारा कूड किंवा चटई ठेवला तर पूर गेल्यावर फक्त तेवढाच बदलायचा.

बांबू वापरणार असाल तर तीन ते पाच वर्षांचा पक्व बांबू घ्या, कोवळा नको. तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या साधारण ५ टक्के द्रावणात भिजवायचा, त्याआधी आतल्या गाठी सळईने फोडायच्या म्हणजे द्रावण आतून लागतं. कॉक्स बाजारला सुरुवातीला घाईत कच्चा बांबू वापरला गेला, भुंग्याने पोखरला, आणि पुढे प्रक्रिया केंद्रं उभारावी लागली. हे रसायन पाण्यात विरघळून निघून जातं हे मात्र लक्षात ठेवा, म्हणून प्रक्रिया केलेला बांबूसुद्धा थेट मातीत पुरायचा नाही, विटेच्या किंवा काँक्रिटच्या बैठकीवर बसवून पट्टीने बांधायचा, आणि वळचण निदान ६० सेंटिमीटर बाहेर काढायची.

बांगलादेशच्या आर्किटेक्ट मारिना तबस्सुम यांचं खुदी बारी नावाचं घर बघण्यासारखं आहे, बांबू आणि स्टीलचे जोड, दोन मजले, पाणी आलं की कुटुंब वरच्या मजल्यावर, आणि नदीने जमीन गिळली तर घर सुटं करून दुसरीकडे नेता येतं. या कामाला २०२५ चा वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. पाकिस्तानात आर्किटेक्ट यास्मिन लारी यांनी बांबू, माती आणि चुना यातून पुरात टिकणारी घरं लोकांच्याच हातून उभी केली, त्यांना २०२३ चं ब्रिटनचं वास्तुकलेचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं. दोघींच्या कामातून घेण्यासारखं हे की साहित्य साधं आहे आणि कुटुंबाला स्वतः दुरुस्त करता येतं. कारखान्यातून आलेलं घर पहिल्या काही महिन्यांसाठी ठीक आहे, पण त्याचं पॅनेल फुटलं की सुटा भाग कुठून आणणार?

चुना-मातीचं प्रमाण पुस्तकातून उचलू नका, माती जागोजागी वेगळी असते. त्याच मातीत ५, ८, १० आणि १२ टक्के चुना घालून गोळे करा, महिनाभर ओलसर गोणपाटात ठेवा, मग पाण्यात बुडवून ठेवा. जो विरघळत नाही त्यातला सर्वात कमी चुन्याचा गोळा तुमचा. कळीचा चुना विझवताना डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

छपराखाली मजबूत माळा करा जिथे घरातली सगळी माणसं रात्र काढू शकतील, आणि माळ्यावरून छपरावर निघायला उघडी होणारी फळी ठेवा. ही फळी विसरली तर तोच माळा सापळा होतो.

पायरी ६: पाणी आणि टॉयलेट

पुरापेक्षा पुरानंतरची हगवण आणि कॉलरा जास्त माणसं घेऊन जाऊ शकतात, म्हणून हे घराइतकंच महत्त्वाचं. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २५० माणसांना एक नळ किंवा ५०० माणसांना एक हातपंप, आणि घरापासून ५०० मीटरच्या आत. हातपंपाचा ओटा पुराच्या रेघेच्या वर, पंपाचं तोंडही वर. पंप बुडालाच तर पाणी उपसून क्लोरीन टाकायचं आणि नळाशी ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन उरतंय का हे तपासूनच प्यायला द्यायचं. छपराचं पाणी पन्हाळीने टाकीत घ्या, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर.

टॉयलेट वीस माणसांना एक, घरापासून ५० मीटरच्या आत, सार्वजनिक असेल तर पुरुषांना एक तर बायकांना तीन. नेहमीच्या खड्ड्याचा तळ भूजलाच्या दीड मीटर वर आणि पाण्याच्या स्रोतापासून ३० मीटर लांब असावा लागतो. पूरक्षेत्रात पावसाळ्यात भूजल वरच येतं त्यामुळे खड्डा चालतच नाही, तिथे टॉयलेट उचलून खाली पाणी न झिरपणारी बंद टाकी करा. ती पावसाळ्याच्या आधी रिकामी करायची, आणि मैला कुठे नेणार, कोण नेणार, गाडी तिथपर्यंत पोचते का, हे बांधायच्या आधी ठरवा.

उंच टॉयलेट म्हणजे पायऱ्या आल्या, म्हणजे म्हातारी माणसं, अपंग, गरोदर बायका यांची अडचण आली. गटात निदान एकाला रॅम्प आणि आत धरायला दांडी द्या. आतून कडी, वाटेवर दिवा, पाळीचे कपडे धुवायला-वाळवायला आडोशाची जागा. जागा कुठे हवी हे बायकांना वेगळं बसवून विचारा, पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत आणि मग रात्री टॉयलेट वापरलंच जात नाही.

पायरी ७: चूल आणि वीज

चूल उंच ओट्यावर, सरपण माळ्यावर. सरपणासाठी आजूबाजूची झाडं गेली की माती सुटते आणि पूर वाढतो, कॉक्स बाजारला २०१८ पासून गॅस दिल्यावर टेकड्या परत हिरव्या करणं शक्य झालं. सोलर पॅनेल छपरावर, बॅटरी आणि बटणं पुराच्या रेघेच्या वर.

पायरी ८: माणसं, पैसा आणि इशारा

पाकिस्तानात २०२२ च्या पुराचा फटका ३ कोटी ३० लाख लोकांना बसला, आणि एकट्या सिंधमध्ये २१ लाख घरं परत बांधायचा कार्यक्रम घ्यावा लागला. तिथे पैसे टप्प्याटप्प्याने थेट कुटुंबाच्या खात्यात दिले, जोतं झालं की पुढचा हप्ता, आणि जमिनीचा कागद घरातल्या बाईच्या नावाने करण्यावर भर दिला. मला ही पद्धत ठेकेदारापेक्षा चांगली वाटते, पण विधवा, म्हातारे, अपंग यांना बांधायला हात हवेत, त्यांच्यासाठी गटातून मजुरी देऊन माणसं लावा. आणि आधी एक नमुन्याचं घर बांधून त्यात एका कुटुंबाला थोडे दिवस राहू द्या, काय चुकलंय ते तेच सांगतील.

शाळा किंवा सभागृह सगळ्यात उंच ओट्यावर घ्या, तीच पुरातली आसऱ्याची जागा. तिथे पाणी, टॉयलेट, बायकांसाठी वेगळी खोली आणि शेजारी जनावरांसाठी उंच जागा हवी, कारण जनावरं सोडून लोक निघत नाहीत आणि निघा म्हणून ओरडूनही उपयोग नसतो. इशाऱ्यासाठी बांगलादेशातली चक्रीवादळाची पद्धत घ्या, झेंड्यांची संख्या वाढत जाते तसा धोका वाढला असं समजायचं, बरोबर भोंगा घेऊन घरोघर फिरणारे स्वयंसेवक, त्यात बायकाही. ऐकू न येणाऱ्याकडे कोण जाणार, अंथरुणाला खिळलेल्याला कोण उचलणार, ही नावं आधीच लिहून लावलेली हवीत.

पायरी ९: पावसाळ्याआधी आणि पाणी उतरल्यावर

पाऊस सुरू व्हायच्या महिनाभर आधी नाले-मोऱ्यांतला प्लास्टिक आणि गाळ काढणं, जोत्याच्या कडा दुरुस्त करणं, छपराच्या गाठी आवळणं, टाक्या उपसणं. हे काम फुकट मागू नका, याची मजुरी बजेटमध्ये पहिल्या वर्षीच धरा. जादा बांबू, दोरी, ताडपत्री, चुना, फावडी उंच गोदामात ठेवा आणि किल्ली वस्तीतल्याच दोघांकडे द्या.

पाणी उतरल्यावर लगेच आत शिरायचं नाही. आधी बाहेरून फेरी मारा, खांबाखालची माती खणली गेलीय का, जोत्याला भेगा आहेत का, घर एका बाजूला झुकलंय का. काठीने वाट चाचपत जा, साप कोरडी जागा शोधत माळ्यावर आणि कपड्यांत बसलेले असतात. गाळ ओला असतानाच काढा, वाळला की दगड होतो. खालचा कूड काढून भिंतीत वारा खेळू द्या, सांगाडा पूर्ण वाळेपर्यंत गिलावा करायचा नाही, घाई केली तर आत बुरशी आणि बांबूला कीड. वीज जोडण्याआधी प्रत्येक जोड उघडून कोरडा आहे का बघा, आणि या सगळ्या तपासणीत ज्याचं घर आहे त्यालाच बरोबर घेऊन फिरा म्हणजे पुढच्या वेळी तो तुमची वाट बघत बसणार नाही.